हे कुठले आणि कधीचे?



जोराचा पाऊस लागला की इकडे वाड्यांवरचे मोबाइल वाजू लागतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, त्याच पावसात पोलादपूरकडेही कोसळल्या. त्यामुळे भीती खरी आहे, आणि खऱ्या भीतीवर खोटी बातमी चटकन स्वार होते. म्हणून मुलांना मी आधी विचारायला शिकवतो : हे कुठले आणि कधीचे?

परवा राईनपाड्याची हकिकत सांगितली. धुळे जिल्ह्यातल्या या गावी १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षेकरी होते. त्या सुमारास देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कुणीतरी कापला होता.

वर्ग गप्प झाला. मग एक कातकरी मुलगा म्हणाला, "सर, आमचे आईबाप भट्टीवर परगावी जातात. त्यांना कुणी तसंच समजलं तर?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. दिवाळीनंतर माणसे निघाली, तेव्हा तो आईला मोबाइलवर ११२ कसा लावायचा ते दाखवत होता.