लोखंड, रंग आणि मधला थर

परंड्याच्या भुईकोटात एके काळी असलेली आणि सतराव्या शतकात विजापुरास नेण्यात आलेली मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली. तेव्हापासून पावणेपाच शतके ऊन, पाऊस आणि धूळ सोसूनही ती शाबूत राहिली, याचे श्रेय कोणा रंगाऱ्याकडे जात नाही. ती तांबे व कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे कांस्याची आहे, आणि हवेच्या संसर्गाने कांस्यावर जो पातळ थर धरतो तो खालच्या धातूस घट्ट बिलगून राहून पुढच्या झिजेस आपणच आळा घालतो. पोलादाच्या वाट्यास ही सोय आलेली नाही. त्यावर धरणारा गंज सच्छिद्र, भुसभुशीत आणि ओल धरून ठेवणारा असतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, आणि त्यामुळे धातूस झाकण्याऐवजी स्वतःच फुगून, पोपडे धरून गळून पडतो व नवे लोखंड हवेच्या हवाली करतो.

हा भेद ध्यानी घेण्याचे कारण तोफेहून पुष्कळ साधे, पण माझ्या मते तितक्याच मोलाचे आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मराठवाड्यातील अनेक तालुक्यांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. वस्तीवरून शाळेस जाणाऱ्या मुलीचे शिक्षण पुढे चालणे अनेकदा या पोलादी सांगाड्यावरच अवलंबून असते. ही सायकल शाळेच्या आवारात उन्हापावसात उभी राहते, घरीही बहुधा ओसरीबाहेरच असते, आणि तिचा रंग एकदा उडाला म्हणजे तो पुन्हा लावण्याची तजवीज क्वचितच होते. झालीच, तर गंजावरूनच चकचकीत रंगाचा एक हात फिरवून काम उरकले जाते. या उरकण्यात नेमके काय चुकते, हे समजण्यासाठी आधी गंजाची रीत पाहावी लागेल.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात केलेला एक प्रयोग इतका सोपा आहे की तो आमच्या कोणत्याही हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत करून दाखविता यावा. पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावयाचा. त्या पाण्यात आधीच दोन द्रव्ये मिसळलेली असतात : एक, लोखंड विरघळू लागताच निळे होणारे पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि दुसरे, अल्काचा स्पर्श होताच गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलीन. काही मिनिटांतच थेंबाचा मध्य निळा पडतो, कडेने गुलाबी वलय उमटते, आणि सावकाश त्या दोहोंच्या सीमेवर तांबूस गंजाचे कडे तयार होते. थेंबाच्या कडेस पाणी उथळ असल्याने हवेतील प्राणवायू तेथे सहज पोहोचतो व इलेक्ट्रॉन स्वीकारून पाण्यासह अल्क निर्माण करतो. ते इलेक्ट्रॉन त्यास पुरविण्यासाठी मध्यभागातील लोखंड, जेथे प्राणवायूचा तुटवडा आहे तेथील लोखंड, विरघळत जाते. म्हणजे गंजणे ही क्रिया एका इवल्याशा विद्युत्घटाची क्रिया होय, आणि त्या घटात धातू खर्ची पडतो तो हवा मुबलक असलेल्या ठिकाणी नव्हे, तर जेथे ती पोहोचत नाही अशा आडोशाच्या ठिकाणी.

सायकल पारखून पाहण्याची दृष्टीच या एका गोष्टीने बदलते. सांगाड्याच्या उघड्या दांड्यावर दिसणारा तांबूस पट्टा डोळ्यांस खुपतो खरा, पण घात होतो तो नळ्यांच्या जोडांत, मडगार्डाच्या पट्टीखाली, कॅरिअरच्या बोल्टाशी, आणि काळ्या रानातला चिखल जेथे मडगार्ड व चाक यांच्यामध्ये गच्च बसून काडीने खरवडून काढावा लागतो त्या चिमट्याच्या बेचक्यात. संक्षारणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे कोरड्या ग्रामीण हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी सुमारे १.३ ते २५ मायक्रॉन झिजते, तर खाऱ्या समुद्रकिनाऱ्यावर हाच आकडा ८० ते २०० मायक्रॉनांवर जातो. साध्या सायकलीची नळी एक ते दीड मिलिमीटर जाडीची धरली, तर सरसकट झिजून ती आरपार जाण्यास बालाघाटाच्या या पठारावर कित्येक दशके लागतील. तरीही सायकली दहा-बारा वर्षांत जोडाशी मोडतात, कारण झीज सरसकट होतच नाही; ती आडोशाच्या जागी एकवटते आणि तेथे खड्डे पाडते.

अवर्षणप्रवण म्हणून आपल्या मराठवाड्याची जी दैना होते, तीच लोखंडाच्या बाबतीत काहीशी पथ्यावर पडते. इंग्लंडातील व्हर्नन यांनी दाखवून दिले की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांची मर्यादा ओलांडीपर्यंत गंजाचा वेग नगण्य असतो, आणि त्यापुढे तो एकाएकी वाढतो. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या दुपारी म्हणूनच उघडे लोखंडही बरेच दिवस तग धरते. पण व्हर्नन यांचा दुसरा निष्कर्ष आम्हांस तितकासा अनुकूल नाही : मलमलीच्या जाळीने वेढलेला लोखंडाचा तुकडा त्याच हवेत स्वच्छ राहिला व उघडा तुकडा गंजला, कारण मलमलीने हवा अडविली नव्हती, अडविली होती ती धूळ. धुळीचा कण ओल धरतो, आणि त्यात क्षार असले तर मर्यादेहून कमी आर्द्रतेतही धातू ओला राहतो. कॅरिअरवरून खताची गोणी नेताना सांडलेली पोटॅशची पूड हा क्लोराइडाचाच क्षार होय. द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत उडणाऱ्या मोरचुदाच्या पाण्याचे तर विचारूच नये. लोखंडी पाते मोरचुदात बुडविले की त्यावर तांब्याची लाली चढते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते, परंतु ते तांबे तेथे बसले ते लोखंडाचा बळी घेऊन, आणि त्याच्या सान्निध्यात उरलेले लोखंड पुढेही अधिक वेगाने झिजते. सांगाड्याच्या वरच्या दांड्यावर ठिबकणारा घामदेखील क्षारयुक्तच असतो.

आता रंगाकडे वळू. रंगाचा थर म्हणजे लोखंडावर धरलेली छत्री, पाण्यास तो आत येऊ देत नाही म्हणून लोखंड वाचते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि वरवर पाहता तीत काही गैर वाटत नाही. परंतु १९५० च्या सुमारास इव्हान्स यांच्याच केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या मेन यांनी सामान्य तैलरंगांच्या थरांतून किती पाणी व प्राणवायू आरपार जातो हे तपासले, तेव्हा असे आढळले की उघड्या पोलादास गंजण्यासाठी जितका ऐवज लागतो तितका, किंबहुना त्याहूनही अधिक, रंगाच्या थरातून खुशाल जात असतो. तरीही रंगविलेले पोलाद गंजत नाही, याचे कारण मेन यांनी असे दिले की रंगाचा थर आयनांस, म्हणजे विद्युत्‌भारित कणांस, मोठा विरोध करतो. थेंबाच्या प्रयोगातील तो इवला घट चालू राहण्यास आयनांची जी ये-जा आवश्यक असते ती तो रोखून धरतो, आणि घटाचे मंडळच पुरे होऊ देत नाही.

या निष्कर्षाचे व्यावहारिक फलित फार मोठे आहे. पाण्याचे रेणू रंगातून आत शिरणारच असतील, तर सारी भिस्त राहते ती रंग व पोलाद यांच्या मधल्या सीमेवर. तेथे रंगाची पकड घट्ट असली तर पाण्यास साचण्यास जागाच नाही, आणि तेथे गंज, मेण, तेलकटपणा किंवा क्षार शिल्लक असले तर वरचा थर कितीही महागाचा असो, त्याचा निभाव लागत नाही. रंगाखाली राहून गेलेला क्षाराचा कण परासरणाने थरातून पाणी आपल्याकडे ओढतो आणि तेथे फोड उठतो. फोडाच्या आत घट चालू झाला की त्याच्या कडेशी अल्क तयार होते, आणि अल्काने तेलाचा साबण होतो ही तर साबणाच्या कारखान्यातली नित्याची क्रिया. तैलरंगाची पकड अशी कडेकडेने साबण होऊन सुटत जाते. रंग उडाला म्हणून गंज आला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा क्रम नेमका उलटा असतो.

तेव्हा सायकल रंगविण्याचे खरे काम रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच व्हावयाचे असते, आणि तेथेच वेळ खर्चावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हँडल, चिमटा, चाके, मडगार्ड उतरवावीत, कटर पिना ठोकून क्रँक काढावी, कप-कोन व छर्रे काढून आट्यांत चिंध्या कोंबाव्यात, म्हणजे त्यांत रंग जाणार नाही. मग घासण्यापूर्वी धुवावे. हा क्रम उलटा झाला तर वंगण कागदाने घासून धातूच्या ओरखड्यांत भरले जाते. प्रथम रॉकेलाने वंगण काढून नंतर सोड्याच्या पाण्याने धुवावे, आणि शेवटचे पाणी मात्र बोअरचे नसावे, कारण ते जड असते व सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवते. साठविलेले पावसाचे पाणी किंवा पिण्याच्या जारचे दोन तांबे एवढ्या कामास पुरतात. त्यानंतर तारेचा ब्रश व खरखरीत पॉलिश पेपर. कारखान्यातला जुना रंग जेथे पक्का बसला आहे तेथे तो खरवडून काढण्याचे कारण नाही, फक्त त्याची चमक मोडावी व कडा उतरत्या कराव्यात.

खड्ड्यांत बसलेला गंज कागदाने निघत नाही, आणि येथे फॉस्फरिक आम्ल उपयोगी पडते. सायकलधंद्याचे माहेरघर असलेल्या बर्मिंगहॅमच्या कॉस्लेट यांनी १९०६ साली या आम्लाच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. पोलादाच्या पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटाचे बारीक स्फटिक धरतात व रंगास त्यांची पकड मिळते. सायकलींचे कारखाने पुढे सांगाडे रंगापूर्वी फॉस्फेटाच्या हौदात बुडवू लागले त्याचा उगम येथेच आहे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात गंज काढण्याचे जे द्रावण मिळते त्यात बहुधा हेच आम्ल असते. ते हातमोजे घालून लावावे आणि मुदत भरताच धुऊन टाकून सांगाडा उन्हात खणखणीत वाळवावा.

साफ केलेले पोलाद त्याच दिवशी अस्तराखाली गेले पाहिजे. भाद्रपदातल्या दमट हवेत काही तासांतच त्यावर नारिंगी झाक येते, म्हणून दसऱ्यानंतर शिवरात्रीपर्यंतचे कोरडे दिवस या कामास अव्वल. तरीही पहाटे धातू गार असतो व त्यावर न दिसणारे दव असते. पोलादाचे तापमान दवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सिअस वर असावे असा दंडक आहे, म्हणजे व्यवहारात ऊन चांगले चढल्यावरच ब्रश हाती घ्यावा. पहिला हात फवाऱ्याने न देता ब्रशाने द्यावा हे बरे, कारण ब्रशाचे केस रंगास खड्ड्यांत दाबून बसवितात. पातळ रंग पृष्ठताणाने धारदार कडेवरून मागे सरतो व तेथे थर सर्वांत पातळ पडतो, यास्तव नळ्यांच्या जोडांच्या कडांवर अस्तराची एक जादा रेघ आधीच ओढून ठेवावी.

अस्तर म्हणून पूर्वी जो पदार्थ सर्वश्रेष्ठ मानला जाई तो आपल्या परिचयाचा शेंदूर होय. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि जवसाच्या तेलात खललेल्या शेंदराने पूल, आगबोटी व टाक्या पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. त्याचे रहस्यही मेन यांनीच पुढे उकलले : जवसाच्या तेलातील आम्लांशी शिशाचा संयोग होऊन त्याचे साबण बनतात, त्यांच्या विघटनातून निघणारी ॲझेलेइक आम्लासारख्या आम्लांची लवणे ओलीबरोबर धातूपर्यंत पोहोचतात, आणि तेथे पोलादाचे विरघळणे थांबवितात. जो साबण फोडाच्या कडेस रंगाचा घात करतो, त्याचाच हा शिशाचा भाऊबंद धातूचा रखवालदार ठरतो. पण शिसे मुलांच्या मेंदूस घातक आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आहेत, आणि शाळकरी मुलीच्या सायकलीस शेंदूर लावण्याचा विचारही कोणी करू नये. त्याच्या जागी झिंक फॉस्फेटाचे अस्तर उत्तम. ते न मिळाल्यास रेड ऑक्साइड, ज्यातील रंगद्रव्य म्हणजे गेरूतलेच लोहाचे ऑक्साइड. लोखंडाचा गंज रोखण्यास गंजाच्याच जातीचा पदार्थ योजावा हे चमत्कारिक वाटेल, पण तो स्थिर झालेला, पुढे न बदलणारा पदार्थ आहे आणि थरास घनता देण्यापुरतेच त्याचे काम आहे.

तेलाची गोष्ट मात्र मला अधिक हृद्य वाटते. जवस आणि करडई ही मराठवाड्याच्या रब्बीची जुनी पिके. जवसाचे तेल हवेत सुकते, करडईचे त्याहून सावकाश, आणि करडईच्या तेलापासून बनविलेले राळरंग फारसे पिवळे पडत नाहीत म्हणून पांढऱ्या एनॅमलात त्यास मान आहे. हे सुकणे पाणी उडून जाण्यासारखे नव्हे. तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे वजन चक्क वाढते, आणि त्याचे रेणू परस्परांत गुंफले जाऊन कठीण पापुद्रा बनतो. लोखंडास खाणारा वायू तोच रंगास घट्ट करणारा वायू. म्हणूनच एनॅमलचा हात जाड देऊ नये. वरची साय आधी धरते, खालपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, व थरास सुरकुत्या पडतात. अस्तराचे दोन व वर एनॅमलचे दोन पातळ हात, प्रत्येकामध्ये एका रात्रीचे अंतर, एवढ्याने सुमारे १०० मायक्रॉनांचा थर मिळतो. भट्टीत १८० ते २०० अंशांवर वितळवून बसविणारे पावडर कोटिंग याहून टणक खरे, पण खालची साफसफाई तेथेही चुकत नाही.

अशा कामास प्रत्येक पालक उतरू शकणार नाही, हे मी जाणतो. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी दिवाळीनंतरच्या एखाद्या आठवड्यात जवळच्या शाळेतील सायकलींचे हे काम अंगावर घेतले, तर त्यांना रंगकामाचा खरा सराव मिळेल आणि मुलींच्या सायकली बारावीपर्यंत खात्रीने टिकतील.

राहिली सांगाड्याची आतली बाजू, जिचा विचार बहुधा कोणीच करीत नाही. सीटच्या दांड्याशेजारून शिरलेले पाणी नळीतून उतरून खाली क्रँकच्या खोबणीत साचते, आणि तेथे प्राणवायू कमी, ओल कायम व रंग मुळीच नाही. सीटचा दांडा काढून सायकल उलटी करावी. तांबूस पाणी निघाले तर नळी वाळवून तीत उकळविलेले जवसाचे तेल वाटीभर ओतावे, सांगाडा सर्व बाजूंस कलंडवून ते फिरवावे व उरलेले निथळू द्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकून ठेवू नये, कारण तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते आणि ढिगात कोंडलेल्या उष्णतेने चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.