मडगार्डचा नट सैल कसा होतो?

सायकलचे मडगार्ड खडखडू लागले की आपण पाना घेऊन नट आवळतो. चार दिवस शांतता, मग पुन्हा खडखड. दोष आवळणाऱ्या हाताचा नसतो. नट सुटतो कसा, हेच मुळात आपण नीट समजून घेतलेले नसते.

नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. तो मूळ लांबीवर यायला बघतो आणि त्या ओढीने मडगार्डचा पत्रा फ्रेमवर दाबून राहतो. आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला उतारच. त्यावरून नट सतत मागे फिरू पाहतो. त्याला रोखते ते फक्त घर्षण. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की नट सर्वांत लवकर सुटतो तो आडव्या धक्क्यांनी. जोड आडवा सरकला की घर्षणाची जवळजवळ सगळी ताकद त्या सरकण्याला अडवण्यात खर्ची पडते आणि फिरण्याला अडवायला काही उरत नाही. प्रत्येक हिसक्याला नट केसभर मागे येतो. मडगार्ड हा लांबलचक पत्रा, मोजक्या ठिकाणी धरलेला. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचे जोड असे सरकायला कितीसा वेळ लागणार?

स्प्रिंग वॉशरवर आपला फार भरवसा असतो. पण नट पुरता आवळला की तो वॉशर सपाट होतो आणि आडव्या धक्क्यांपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट घ्यावा. जोडावरचा दाब ओसरला तरी नायलॉन आट्यांना धरून राहते, त्यामुळे नट रस्त्यात गळून पडत नाही. बरीच काढघाल झाली की ही पकड ढिली पडते. मग नट बदलावा.

हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात हवाच. आजच्या गिअरच्या सायकलींवर मडगार्डसाठी बहुधा ५ मिमीचा बोल्ट असतो, त्याच्या दोन आट्यांत ०.८ मिमी अंतर. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काळ्या सायकलींत मडगार्डच्या दांड्या ज्यावर बसतात त्या एक्सलवर मात्र इंचाला २६ आटे, म्हणजे जवळपास ०.९८ मिमी. नट पहिल्या दोन वेढ्यांतच अडला तर जोर लावू नका, आटे जातील.

खडखड तशीच चालू दिली तर पत्रा चिरतो, आणि चिरतो तो नेमका भोकापाशी. रुंद पत्रा ओढला असता गोल भोकाच्या कडेला इतर भागाच्या तिप्पट ताण येतो, हे गणित किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्येच मांडले होते. चीर लहान असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडावे. अणकुचीदार टोक गोल झाले की ताण विखुरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते किंवा निदान रेंगाळते. वरून पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवली की गाडी बरेच दिवस चालते.

नवे मडगार्ड घेताना ‘२८ इंची’ एवढेच सांगून भागत नाही. काळ्या सायकलीची २८ इंची रिम ६३५ मिमीची, तर नव्या ७०० सी चाकाची ६२२ मिमीची. दोन्हींना २८ इंचीच म्हणतात! टायरच्या कडेवर ४०-६३५ असा जोडआकडा असतो, तो टिपून न्यावा. पहिला आकडा टायरची रुंदी. मडगार्ड त्याहून साधारण एक सेंटीमीटर रुंद हवे. बसवताना ते ओढून भोकाशी आणू नका. आधाराच्या दांड्या वाकवून मडगार्ड आपसूक जागेवर येऊ द्या, मगच नट आवळा. ओढून बसवलेल्या पत्र्यात पहिल्या दिवसापासून ताण साठलेला असतो.

पुढच्या मडगार्डबाबत एक जास्तीची खबरदारी घ्यावी. चाकात काटकी अडकून मडगार्ड दुमडले तर चाक जागीच अडते आणि स्वार तोंडावर आपटतो. म्हणून चांगल्या संचांत पुढच्या दांड्या प्लॅस्टिकच्या चिमटीत अडकवलेल्या असतात. जोराचा हिसका बसला की त्या आपोआप सुटतात. ही चिमटी तुटली तर तिच्या जागी तार गुंडाळून काम भागवू नये, तशीच चिमटी मागवावी.