शेण चुलींत घालावें कीं शेतांत?

शेतकऱ्याच्या घरची चूल आणि त्याची जमीन यांचा हिशोब सहसा एका वहींत मांडला जात नाहीं. सरपणाचा खर्च एकीकडे व खताचा दुसरीकडे पडतो, आणि दोहोंचें मूळ एकाच गोठ्यांत आहे हें ध्यानांत येत नाहीं. ज्याचा जन्म महसुली दप्तरांत गेला त्यास मात्र जमाखर्च समोरासमोर पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं. म्हणून शेणापुरती ही मांडणी.

एका मोठ्या जनावरापासून दिवसास अजमासें १० किलो ओलें शेण मिळतें. त्याच्या गोवऱ्या थापून जाळल्या म्हणजे त्यांतील सेंद्रिय अंश व नत्र धुरावाटे निघून जातात आणि राख तेवढी उरते. राखेंत पालाश व थोडें स्फुरद असतें खरें. परंतु जमीन भुसभुशीत ठेवणारा व ओल धरणारा भाग चुलींतच संपतो. गेलेला नत्र मग युरियाच्या गोणींतून विकत आणावयाचा! शिवाय धुरानें घरांतील बायामाणसांचे डोळे व छाती बिघडतात, तो खर्च कोणी लिहीतच नाहीं. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर पुष्कळ घरीं पोहोंचले, तरी भाकरीसाठीं व पाणी तापविण्यासाठीं चूल पेटतेच.

गोबर गॅसच्या संचांत हा पेंच सुटतो, तो असा. शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद विहिरींत कुजविलें असतां जो वायु निघतो, त्यांत निम्म्याहून अधिक मिथेन व बाकीचा बहुतेक कर्बवायु असतो. या दोहोंतही नत्र, स्फुरद वा पालाश नाहीं. म्हणजे जळण तेवढें निघून येतें आणि खताचा कस मागें रबडींत राहतो.

२५ किलो शेणापासून सुमारें एक घनमीटर गॅस मिळतो. पांचसहा माणसांच्या घरास दोन घनमीटरांचा संच, म्हणजे चारपांच जनावरांचें शेण, पुरतें. एक घनमीटर गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील ०.४३ किलो गॅसबरोबर धरितात. त्या मानानें महिन्यास सुमारें पावणेदोन सिलिंडर वांचतात. थंडींत गॅस कमी पडतो, हें मात्र धरून चालावें. दोनतीनच जनावरें असतील त्यानें एक घनमीटरावर भागवावें. दोघां भावांनीं मिळून एक संच बांधण्याची युक्ति कित्येक सुचवितात; वाटपाचे अर्ज ज्यानें वाचले आहेत तो तसा सल्ला देणार नाहीं.

जुन्या पद्धतींत लोखंडी टांकी रबडीवर तरंगते. ती गंजते, म्हणून तिला वरचेवर रंग द्यावा लागतो. १९८४ सालीं पुढें आलेल्या दीनबंधु पद्धतींत विटांचा घुमट असल्यानें लोखंडाचा खर्च नाहीं, पण गवंडी जाणता हवा. घुमटास बारीक भेग राहिली तरी गॅस ठरत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें फिरतीवर असतां बंद पडलेले संच थोडे पाहिले नाहींत. अनुदान पदरीं पडलें, फोटो निघाला, आणि पुढें वर्षाच्या आंत झांकणावर गवत उगवलें. कारणें विचारलीं तर बहुधा क्षुल्लक निघत: नळींत पाणी सांचलेलें, शेणाबरोबर खडे व कडबा आंत गेलेला, किंवा न्हाणीचें साबणाचें व फिनेलचें पाणी संचांत सोडलेलें. त्या पाण्यानें कुजविणारे सूक्ष्म जंतू मरतात. संच कोरडा ठेवला तरी तीच गत. रोज घमेलें पडलेंच पाहिजे. तें घालणारी बहुधा घरांतील बाईच असते. म्हणून जागा ठरवितांना तिचें मत आधीं घ्यावें. संच गोठ्याजवळ, उन्हांत, आणि विहिरीपासून पंधरा मीटर तरी दूर असावा.

संच चालू असूनही खत वायां घालविणारे आहेतच. रबडी उघड्यावर उन्हांत वाळविली कीं तिच्यांतील बराच नत्र अमोनियाच्या रूपानें उडून जातो, आणि चुलींतून वांचविलेला ठेवा अंगणांत हरपतो. पाट जवळ असेल तर ती पाण्याबरोबर सरळ पिकास द्यावी. नसेल तर खड्ड्यांत उसाचें पाचट, तुरीचा पाला व भुसकट यांच्या थरांवर ओतून वर माती पसरावी. पाचट जाळणाऱ्यांनीं हें अवश्य करून पाहावें. परसांतल्या वांगीमिरचीस हीच रबडी पाण्यांत पातळ करून, पानांवर न पडतां बुडाशीं घालावी.