बालकाचे रडणे आणि विश्वासाचे मूळ

"बाळ सारखे रडते, कडेवरून उतरत नाही," असे माता सांगते तेव्हा आपले लक्ष स्वाभाविकपणे उदरशूल, दंतोद्भव व कृमी यांकडे जाते. ते योग्यच, परंतु विचार तेथेच थांबू नये.

बालकाला सुखकर रीतीने अंगावर घ्यावे, दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, असे सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगतात. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकाला राक्षस-पिशाचांचे भय दाखवण्यास चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात मनाई केली आहे. आपल्या घराघरांतील 'बागुलबुवा' या निषेधातच मोडतो.

इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकात हाच विषय निराळ्या मार्गाने मांडला. भ्यालेले मूल ज्या व्यक्तीकडे धावते तिच्या प्रतिसादावरून, 'मला कोणी सावरील काय?' याचे उत्तर त्याच्या मनात घडते आणि ते पुढे मैत्री, विवाह व अपत्यसंगोपन यांत डोकावते. मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बालकांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ बाहेर जाऊन परतल्यावर मूल तिच्याजवळ शांत होते की नाही, यास त्यांनी विशेष महत्त्व दिले. रुमानियात बुखारेस्ट येथे अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास झाला. सुमारे दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या बालकांत हे नाते अधिक सुरक्षित जुळल्याचे त्यात दिसले.

माझ्याकडे अडीच वर्षांचा एक बालक अग्निमांद्यासाठी आला होता. मी अरविंदासव दिले. गुण आला नाही. पुन्हा विचारपूस करता कळले की, जन्मापासून त्याला सांभाळणारी आजी महिन्यापूर्वी गावी परतली होती. निरोपही न घेता, मूल झोपले असताना. आजी येऊन राहिली आणि बालक जेवू लागला. प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

यावरून मातेला दोष देणे मात्र अनुचित ठरेल. आजी, पिता, दाई, कोणीही वत्सल व नित्य व्यक्ती हे स्थान घेऊ शकते. बाल्यातील उणीव म्हणजे अटळ प्रारब्धही नव्हे. पुढे लाभलेला विश्वासू सहवास ती बरीच भरून काढतो.

वैद्यबंधूंनी बालरुग्णाच्या इतिवृत्तात 'भ्यायल्यावर मूल कोणाकडे जाते?' हा प्रश्न अवश्य घालावा. सूतिका सतत खिन्न असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तिला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधालय-चालकांनीही 'मूल शांत झोपेल असे काही द्या' या मागणीस बाटली पुढे करण्यापूर्वी ग्राहकास वैद्याकडे धाडावे. बालकाचे रडणे ही हाक असते. ती ऐकली जाते की नाही, हे ते दीर्घकाळ स्मरते.