गाडीचा टप, अर्धा अँटेना

अमेरिकेत गाडीला सॅटेलाइट रेडिओ बसवून घेणाऱ्याचं सगळं लक्ष डॅशबोर्डवरच्या पडद्याकडे असतं. तिथली जोडणी फार अवघड नसते. ऑक्सची वायर जोडली की झालं. खरी परीक्षा टपावर असते. तिथे चुंबकाने चिकटणारी काडेपेटीएवढी काळी डबी चुकीच्या जागी बसली, तर महागातला रेडिओही मुका.

एक्सएम कंपनीने २००१ मध्ये ही सेवा सुरू केली, पाठोपाठ सिरियस आली आणि २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. प्रक्षेपण सुमारे २.३ गिगाहर्ट्झवर होतं, म्हणजे तरंगलांबी जेमतेम १३ सेंटीमीटर. म्हणून अँटेनाही एवढासाच पुरतो. डबीत सिरॅमिकची चकती, तिच्यावर धातूचा पातळ थर आणि खाली चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर. एक्सएमचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. तिथून पोहोचणारा संदेश इतका क्षीण, की वायरीत शिरण्याआधीच तो वाढवावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला वीजही त्याच वायरीतून मिळते. त्यामुळे वायर लांब झाली तरी कापायची नाही. उरलेली गुंडाळून डॅशबोर्डमागे ठेवायची.

डबीखालचा पत्रा नुसती बैठक नाही. तो आरशासारखं काम करतो आणि अँटेनाचा सगळा जोर आभाळाकडे वळवतो. कॉर्व्हेटसारख्या फायबरच्या गाडीवर चुंबक चिकटत नाही, आणि डबी गोंदाने चिकटवली तरी खाली हा आरसा नसतोच. तिथे वेगळी धातूची पट्टी द्यावी लागते. डबी बॉनेटवर लावली तर खाली पत्रा असतो, पण एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे अमेरिकेतून दक्षिणेला. गाडी उत्तरेकडे निघाली की तिचाच टप मध्ये येतो. सामानाच्या कॅरियरला खेटून लावणं हाही असाच हौशी उद्योग.

टपाच्या मागच्या भागात मधोमध डबी बसवली की वायर काचेच्या रबरी पट्टीत दाबत डिकीच्या रबराखालून आत घ्यायची. आत शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला थोडा झोल ठेवायचा, नाहीतर पावसाचं पाणी तिचं बोट धरून आत येतं. पुढे दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून डॅशबोर्डपर्यंत. काचेलगतच्या खांबात एअरबॅग असेल तर तिकडून वायर नेऊच नये.

एवढं करूनही पूल आडवा येतोच. त्यावर एक्सएमने छान युक्ती केली: तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून, पण एकावरून सुमारे ४ सेकंद उशिराने. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ११० मीटर ओलांडते, आणि मधली फट ऐकणाऱ्याला कळतही नाही. शहरांतल्या उंच इमारतींसाठी मात्र जमिनीवरचे पुनर्प्रक्षेपक लागतात.

आपल्याकडे २००९ अखेर बंद पडलेल्या वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओचा अँटेना खिडकीत ठेवून उपग्रहाकडे रोखावा लागे. वळणावळणाला तोंड फिरवणाऱ्या गाडीत ते जमणारं नव्हतं.