शपथेवरची चूक

साक्षीदार लबाड असला तरच निरपराध्याला शिक्षा होते, असा आपला समज. लंडनच्या अॅडॉल्फ बेकची हकीकत वाचल्यापासून माझा तो समज पार गेला. 1896 साली एकामागून एक स्त्रियांनी, आपले दागिने लुबाडणारा भामटा हाच, असे शपथेवर सांगितले. त्या खोटे बोलत नव्हत्या, ओळखण्यात चुकल्या. बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. 1877 साली शिक्षा झालेला ‘स्मिथ’ तोच, असे धरून तुरुंगाने त्याला स्मिथचा जुना क्रमांकही दिला. 1898 साली शरीरावरच्या एका खुणेवरून तो स्मिथ नव्हे, हे सरकारी दप्तरातच उघड झाले. मग काय केले म्हणता? क्रमांक बदलला, शिक्षा तशीच ठेवली! सुटल्यावर 1904 साली पुन्हा तोच आरोप, पुन्हा दोषी. बेक कोठडीत असतानाच खरा भामटा तशीच फसवणूक करताना सापडला, म्हणून तो सुटला. इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय कायद्याने आले ते पुढे 1907 साली.