चार तऱ्हांचे पोहणे, एक शर्यत

जुन्या काळी डाक टप्प्याटप्प्याने पळत असे. एक जासूद थैली घेऊन ठरल्या ठिकाणापर्यंत धावायचा आणि तिथे दुसरा तयार उभा असायचा. थैली हातात पडल्यावाचून दुसऱ्याने पाऊल उचलायचे नाही, असा कायदा. आमच्या बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टात आज मोटारीने टपाल येते. पण ती जुनी तऱ्हा खेळात अजून जिवंत आहे. तिला रिले म्हणतात. आज आपण पोहण्यातली रिले, आणि तीतही 'मिडले रिले' म्हणजे काय, ते पाहू.

या शर्यतीत एका संघाचे चार गडी असतात. प्रत्येकाने शंभर मीटर पोहायचे, म्हणजे तलावाची लांबी पन्नास मीटर असेल तर एक फेरी जाऊन-येऊन. मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पहिला उताणा पोहतो, तो बॅकस्ट्रोक. दुसरा बेडकासारखे हातपाय फाकतो, तो ब्रेस्टस्ट्रोक. तिसरा दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे फेकतो आणि पाय जोडून मारतो, तो बटरफ्लाय. चौथ्याची फ्रीस्टाइल. तिथे सगळेजण एकाआड एक हात मारीत जाणारी, सर्वांत वेगवान तऱ्हाच वापरतात.

आता आपण विचाराल, उताणा पोहणारा पहिलाच का? कारण साधे आहे. बाकीचे तिघे काठावरच्या चौथऱ्यावरून सूर मारतात. बॅकस्ट्रोकवाला मात्र पाण्यात उतरून, भिंतीला धरून सुरुवात करतो. तो मध्येच आला असता, तर पोहत येणाऱ्या सोबत्याने भिंतीला हात लावायचा तरी कुठे? म्हणून त्याला आधीच मोकळे केले आहे.

थैलीच्या जागी इथे भिंतीचा स्पर्श असतो. आलेल्या गड्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पुढच्याचे पाय चौथऱ्यावरून सुटता कामा नयेत. हे यंत्राने मोजतात. सेकंदाच्या तीन शतांशांपलीकडे घाई झाली, की सगळा संघच बाद होतो. चौघांची मेहनत एकाच्या उतावीळपणाने पाण्यात जाते.

बटरफ्लाय ही तऱ्हा ब्रेस्टस्ट्रोकपासून वेगळी मानली गेली ती १९५२ साली. त्यानंतर १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ही रिले प्रथम आली. तेव्हापासून २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकपर्यंत अमेरिकेचे पुरुष ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तिथे तिथे तेच जिंकले. ही मालिका २०२४ साली पॅरिसला तुटली. शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा चीन अमेरिकेच्या मागे होता. पण चौथा गडी पान झानले याने आपले शंभर मीटर ४५.९२ सेकंदांत कापले आणि चीनने ३ मिनिटे २७.४६ सेकंदांत सुवर्णपदक घेतले.

यावरून एकटा पान जिंकला असे मात्र समजू नका. पहिल्या तिघांनी संघाला जवळपास ठेवले नसते, तर त्याचा वेग वाया गेला असता.

शिक्षकबंधूंना यात वर्गात घेण्याजोगे एक गणित सापडेल. समजा, गणू उताणा पोहून ९० सेकंद घेतो आणि हात मारीत ८०. सदू उताणा ११० घेतो आणि हात मारीत ८४. गणू दोन्हींत सरस आहे. मग त्याला कुठे घालावे? कुणीही म्हणेल, जिथे तो सर्वांत वेगवान तिथे. तसे केले तर ८० अधिक ११०, म्हणजे १९० सेकंद. उलट गणूला उताणा पोहायला लावून सदूला हात मारू दिले, तर ९० अधिक ८४, म्हणजे १७४. सोळा सेकंद वाचले! चांगला गडी तिथे घालावा, जिथे त्याच्यावाचून सर्वांत जास्त अडते.

आपल्या देशाचे अडते कुठे? २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत श्रीहरी नटराज, लिकित एस. पी., साजन प्रकाश आणि तनिश जॉर्ज मॅथ्यू या चौघांनी प्राथमिक फेरीत ३ मिनिटे ४०.८४ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक करून अंतिम फेरी गाठली. तिथे सुवर्ण जिंकणाऱ्या चीनची वेळ होती ३ मिनिटे २७.०१ सेकंद. फरक पावणेचौदा सेकंदांच्या आसपास, म्हणजे माणशी साडेतीन. तेवढ्या वेळात असा पोहणारा सहा मीटरांहून अधिक पुढे जातो.

आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० साली ग्वांगझोऊच्या आशियाई खेळांत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. त्याआधीचे भारताचे पोहण्यातले पदक १९८६ सालचे, खजानसिंगचे. म्हणजे एका पदकामागून दुसरे यायला चोवीस वर्षे गेली. एखादा वीरधवल निपजतो. पण रिलेला एकाच वेळी चौघे लागतात, तेही चार तऱ्हांचे.

आपल्या खेड्यांत पोरे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत शिकतात. मुटका मारतात, सूर मारतात, आणि हात मारीत काठ गाठला की शिकणे संपले असे मानतात. तिथेच थांबू नये. जाणत्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखाली, दोर हाताशी ठेवून, त्यांना उताणे आणि बेडकासारखेही पोहू द्यावे. कोण कशात बरा, याची मास्तरांनी वहीत नोंद ठेवावी. त्यातून ऑलिंपिकचा गडी निघेल न निघेल; पण दमल्यावर उताणे तरंगता येणारे पोर खोल पाण्यात घाबरून जाणार नाही, आणि हा लाभ काही लहान नव्हे.